चौसष्ट पूर्णांक दोन

अर्डिस टिडमोर जन्मतः आंधळी होती. त्याचा तिला फारसा राग नव्हता. राग होता तो तिच्या कानांचं कौतुक करणाऱ्यांचा. "देवाने डोळे नेले, पण कान काय दिलेत!" हे वाक्य अलाबामाच्या त्या डोंगरपठारावर एकसष्ट वर्षांत तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्याने 'देवाने' म्हणताच ती "हो, आणि जीभही दिलीय, ऐकायचीय?" असं विचारून मोकळी व्हायची. कान देवाने दिले नव्हते. अंधशाळेत पियानो जुळवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी सहा वर्षं रगडून रगडून ते घडवले होते. आंधळ्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा शिकवायचे आणि पोरं घाम गाळून तो शिकायची. पण घामाचं श्रेय घामाला द्यायची जगाची रीत नाही. ते देवाच्या नावावर ढकललं की आपल्याला काही करावं लागत नाही.

तीस वर्षं तिने पियानो जुळवले. मग गावोगावच्या चर्चांनी पियानो काढून विजेच्या पेट्या आणल्या, ज्यांना जुळवावंच लागत नाही. अर्डिसने चार दिवस शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी संगणक घेतला. लोक प्रवचनांच्या, लग्नांच्या, अंत्यविधीच्या टेपा आणून द्यायचे आणि ती त्यातले खोकले आणि माइकवर बसलेले फटके कापून द्यायची. स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते संगणक तिला मोठ्याने वाचून दाखवायचा, इतक्या भरभर की पाहुण्यांना वाटायचं यंत्र बिघडलंय. माउस तिने कधी हातात धरला नाही. तो ड्रॉवरमध्ये सुतळीच्या गुंड्याशेजारी पडून असायचा.

तिच्या त्या आवाज कापायच्या प्रोग्राममध्ये एक छोटी सोय होती. आवाजाचा तुकडा निवडायचा, दोन बटणं दाबायची, की एक चौकट उघडायची. तिच्यात एकच ओळ: सूर कोणता आणि सेकंदाला कंपनं किती. संगणक ती ओळ वाचायचा. बस्स, आणखी काही नको होतं. पण जुना संगणक मेला, नव्यावर प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि ती ओळ गायब झाली. तिच्या जागी म्हणे एक सुंदर आलेख आला होता, निळ्यातून केशरीत जाणारा. त्यावर माउस फिरवला की सूर दिसतो. संगणक तिथे पोचला की फक्त "चित्र" म्हणायचा. अर्डिस बाण दाबायची, तो म्हणायचा, "चित्र." पुन्हा दाबायची. "चित्र." आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं आपल्यात म्हणतात. इथे कोणी काही मागितलंही नव्हतं, आणि होती ती एक ओळ उचलून नेली.

एरवी तिने दोन शिव्या हासडून काम भागवलं असतं. पण नेमकं त्याच उन्हाळ्यात तिच्या बापाच्या आवाजाचं प्रकरण उभं राहिलं.

तिचा बाप हॉइट टिडमोर लिबर्टी ग्रोव्हच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं सूर द्यायचा. तिथलं गाणं वाद्याशिवायचं. चार बाजूंना चार रांगा, तोंडं आत, मधे उभा राहून एक जण हात वर-खाली करणार. श्रोता असा कोणी नाही, आला त्याने गायचं. आधी फा, सोल, ला म्हणत नुसते सूर, मग शब्द. पुस्तकात प्रत्येक गाण्यावर पट्टी छापलेली असते, पण ती कागदाची सोय. खरी पट्टी सूर देणारा ठरवतो. हॉइट नाकातून एक 'ला' काढायचा आणि दीडशे माणसं त्यातून आपापला सूर उचलायची. सकाळी गळे उघडलेले नसले की तो सूर खाली ठेवायचा, अकराच्या सुमाराला चढवायचा, आणि आवारातल्या लांबलचक टेबलांवरचं तळलेलं चिकन, मक्याची भाकर आणि तीन-तीन तऱ्हेचे केक हाणून लोक सुस्तावून परतले की पुन्हा उतरवायचा. माणसं बघून तो पट्टी लावायचा, पुस्तक बघून नाही. लिबर्टी ग्रोव्हमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हॉइटला जाऊन चोवीस वर्षं झाली होती. त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. १९७४च्या जुलैत अर्डिसने स्वतः केलेल्या एका रिळाच्या टेपवर. लोकांकडे गेलेल्या माणसांचे फोटो असतात, ते भिंतीवर लावतात, पुसतात, दाखवतात. अर्डिस फोटो घेऊन काय करणार? तिच्यासाठी बाप म्हणजे ती टेप. पण बाप गेल्यावर ते रीळ मंडळाच्या कपाटात कुलूपबंद झालं, आणि तेव्हापासून तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

गाणाऱ्यांच्या मंडळाने त्या टेपची सीडी काढायचं आणि एक प्रत कायमची जिल्ह्याच्या संग्रहात ठेवायचं ठरवलं. अर्डिसने धरूनच चाललं होतं की काम आपल्याकडे येणार. मंडळाचा अध्यक्ष वेल्टन गिलिलंड, सत्तरीचा, खर्जाच्या रांगेत हॉइटच्या मांडीला मांडी लावून वीस वर्षं बसलेला माणूस. तो घरी आला, टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "अर्डिस, हे जरा बारीक काम आहे गं. बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओतल्या पोराला दिलंय. त्याच्याकडे भिंतीएवढे स्क्रीन आहेत."

"स्क्रीन गातात का, ब्रदर वेल्टन?"

"हे बघ, चिडू नकोस."

"मी कुठे चिडलेय? मी चहा ओततेय." आणि तिने त्याला बिनसाखरेचा थंड चहा दिला. त्या पठारावर चहा थंडच पितात, पण भरपूर साखर घालून; याहून मोठा अपमान नाही.

तीन आठवड्यांनी स्टुडिओतून नमुन्याची सीडी आली. अर्डिसने ती लावली, खुर्चीत नीट टेकून बसली. लोकांची कुजबुज झाली, एक बाळ रडलं, मग हॉइटने सूर दिला, आणि ती ताडकन उठली. हा आपला बाप नव्हे. बापाच्या गळ्यातून कोणी तरुण, कुठे तरी पोचायची घाई असलेला माणूस बोलत होता. आजूबाजूच्या बायकांचे आवाज तर पिपाणीसारखे झाले होते. तिने ते तीनदा ऐकलं आणि स्टुडिओतल्या त्या पोराला, कार्टर व्हिटलीला, फोन लावला.

कार्टर फार गोड बोलायचा. "मिस अर्डिस, काय होतं माहितीये का, टेप पट्टीत नव्हती. पुस्तकात त्या गाण्यावर 'ए' छापलाय. टेप त्याच्याहून अर्धा सूर, थोडी जास्तच, खाली वाजत होती. जुन्या मशीन अशाच. मी वेग वाढवून अगदी बरोबर 'ए'वर आणली. आलेखात बघा ना, रेषेवर बसलंय सगळं."

"बघू?"

"म्हणजे... तुम्हाला सांगतोय."

"पुस्तकातल्या पट्टीत इथे कोणी गात नाही रे बाबा! आणि ते जेवणानंतरचं गाणं आहे. पप्पांनी सूर उतरवला होता."

कार्टरने आवाज आणखी मऊ केला. आजारी माणसापुढे करतात तसा. "मिस अर्डिस, राग मानू नका. आठवणीतले आवाज असे वर्षांबरोबर खाली सरकतात. सगळ्यांचंच होतं. माझ्या आजोबांचा आवाजही मला..."

"तुझ्या आजोबांनी सूर दिला होता का?"

"नाही, पण... बाकी टेप छान साफ झालीय. फक्त तळाशी एक घूं आहे, ती काही केल्या जात नाही. साठवर गाळणी लावली, तरी तिथेच."

फोन ठेवल्यावर अर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात अडकलं. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. भिंतीतल्या विजेवर केलेल्या जुन्या टेपच्या तळाशी ती घूं बसलेली असते, वर गाणं कुठल्याही पट्टीत असो. माणूस वर-खाली गाईल, वीज गात नाही. ती घूं पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडते, कुठल्याच पट्टीवर नाही, आणि टेप कापणाऱ्या प्रत्येक आंधळ्याला ती घरच्या दाराच्या कुरकुरीसारखी पाठ असते. अर्डिसने पुन्हा सीडी लावली. या वेळी गाणं नाही, गाण्याआधीची शांतता ऐकली. पियानो जुळवायचा नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि त्याच्याशी घूं ताडून पाहिली. घूं वर सरकलेली होती, चांगली 'सी'च्या जवळ. म्हणजे या शहाण्याने टेप पळवली, तिच्याबरोबर घूंही पळाली, आणि आता हा साठच्या दाराशी गाळणी धरून उभा. चोराला मागच्या दाराने स्वतःच घालवायचं आणि पुढच्या दाराला कुलूप लावून म्हणायचं, चोर सापडत नाही!

तिने वेल्टनला बोलावून सगळं सांगितलं. वेल्टनने ऐकून घेतलं आणि कान खाजवला.

"हे तू कानाने ऐकलंस?"

"कानाने आणि नादकाट्याने."

"अगं, पण मंडळापुढे मी काय सांगू? कार्टरने छापील आलेख पाठवलाय, चार रंगांत. लोकांना तो पटलाय. तू एखादा आकडा आण, यंत्रातून निघालेला. शनिवारी सकाळी बैठक आहे, आणि सोमवारी सीडी छापायला जाईल."

"ब्रदर वेल्टन, तुम्ही वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलात. तुम्हाला ऐकू येत नाही?"

"मला जरा वेगळं वाटलं," वेल्टन म्हणाला. "पण मला वाटलं, मीच म्हातारा झालो."

त्याच्यावर ओरडावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून ती ओरडली.

आकडा. आकडा त्याच चौकटीत होता, निळ्या-केशरी रंगांमागे. बैठकीआधीच्या सोमवारी तिने प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक तरुण आला, अतिशय नम्र. तिने सांगितलं की सुराची ओळ परत हवी, चित्र संगणकाला वाचता येत नाही.

"पण मॅम," तो आश्चर्याने म्हणाला, "अंध लोकांना सूर उपजतच कळतात ना? मला वाटतं, आमच्या लोकांनी हाच विचार केला असेल, की तुम्हाला त्याची गरजच नाही."

"तुला डोळे आहेत ना?"

"हो, मॅम."

"मग तुला मोजपट्टी लागत नसेल. नुसतं बघून सांगत असशील, टेबल किती इंच ते."

"तुमची सूचना मी नोंदवून घेतो, मॅम."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. एक म्हणतो, तुझा कान देवाचा आहे, तुला यंत्र कशाला. दुसरा म्हणतो, तुझा कान भरवशाचा नाही, यंत्राचा आकडा आण. दोघे एकमेकांना ओळखतही नव्हते, आणि दोघांनी मिळून तिला कसं चिमटीत पकडलं होतं बघा. दोघांच्या म्हणण्याचा मतलब एकच होता: बाई, गप्प बस. आणि शनिवारी ती गप्प बसली असती, तर हॉइट टिडमोर जिल्ह्याच्या संग्रहात कायमचा दुसऱ्याच कोणाच्या आवाजात राहिला असता. तिच्यानंतर कोणाला फरक कळलाही नसता. हेच तिला सहन होत नव्हतं.

आवाजाची कामं करणाऱ्या आंधळ्यांची इंटरनेटवर एक टपालयादी होती. तिथे अर्डिसने जे पत्र टाकलं, त्यातले काही शब्द चर्चमध्ये शोभले नसते. तासाभरात मर्विन फ्रीझनचा फोन आला. मर्विन कॅनडातल्या विनिपेगचा, रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेला, तिच्यासारखाच जन्मतः आंधळा. दोघांची पंधरा वर्षांची मैत्री होती आणि भेट एकदाही नाही.

"तो आलेख मी बायकोला दाखवला," मर्विन म्हणाला. "तिला दोन्ही डोळे धड आहेत. म्हणाली, याचं पडद्याला कापड छान होईल. सूर कोणता ते तिलाही कळलं नाही."

"मला हसवू नकोस. मी चिडलेय."

"मीही चिडलोय. महिनाभर चिडून नुसती पत्रं लिहितोय त्या लोकांना. आता पत्र पुरे. त्यांची ओळ गेली तर गेली. आवाजाचा तुकडा तर आपल्या हातात आहे? कंपनं मोजायला चित्र कशाला लागतं? गणितच ना ते? मी बसतो. तुला किती बारीक आकडा हवा?"

"एका दशांशापर्यंत."

"बुधवारपर्यंत दे मला. आणि तोवर कोणाला ठार मारू नकोस."

बुधवार गेला, गुरुवारी दुपारी मर्विनचा छोटासा प्रोग्राम आला. रंग नाही, चौकट नाही, काही नाही. तुकडा निवडायचा, दोन बटणं दाबायची, तीच जुनी दोन. अर्डिसने हॉइटच्या सुराआधीचा शांततेचा तुकडा निवडला आणि बटणं दाबली.

"चौसष्ट पूर्णांक दोन," संगणक म्हणाला.

तिने पुन्हा दाबली. "चौसष्ट पूर्णांक दोन." गाण्यानंतरच्या शांततेवर दाबली. "चौसष्ट पूर्णांक दोन." तिला इतका आनंद झाला की टेबलावर मूठ आपटली आणि चहाचा ग्लास लवंडला. तो तिने तसाच राहू दिला.

मग तिने टेपचा वेग कमी करत आणला, घूं साठवर येईपर्यंत. संगणकाने "साठ पूर्णांक शून्य" म्हटलं आणि तिने हात उचलला. गाणं तिने वाजवलं नाही. वाजवायची इच्छा इतकी होती की बोटं दुखत होती, पण उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने आठवणीतला आवाज ऐकून ऐकून आकडा जुळवला. तिने फक्त वीज जुळवली होती. बाप आपोआप जिथे येईल तिथे.

शनिवारी सकाळी मंडळाचे सात-आठ लोक चर्चच्या मागच्या खोलीत जमले. कार्टरही बर्मिंगहॅमहून गाडी चालवत आला होता. अर्डिसने संगणक टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि बटणं दाबली. चौसष्ट पूर्णांक दोन. ते काय आहे आणि का साठ असायला हवं हे तिने चार वाक्यांत सांगितलं. कार्टरने आपल्या संगणकावर तोच तुकडा दोनदा मोजून पाहिला.

"आकडा बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण ही घूं विजेच्या वायरची कशावरून? जुलै महिना होता. पंख्याची असेल. टेप बॅटरीवरही चालली असेल."

"पंखा?" वेल्टन म्हणाला. "चौऱ्याहत्तर साली? अरे पोरा, अंत्यविधीवाल्याने जाहिरातीला वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे होते आमच्याकडे. ते हाताने हलवायचे."

"मग बॅटरी..."

"बॅटरी नाही!" वेल्टन उभाच राहिला. "वायर होती! भिंतीपासून दारातून आडवी गेलेली. माझी आई तिला अडखळून पडली, केळ्याच्या पुडिंगचं भांडं हातात घेऊन. सगळं पुडिंग धर्मगुरूच्या बुटांवर. अर्डिस, ती वायर तूच टाकली होतीस! आई तुझ्याशी दोन वर्षं बोलली नाही!"

"तीन," अर्डिस म्हणाली.

लोक हसले. कार्टरही हसला, आणि हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे, की त्याने आपला छापील आलेख दुमडून खिशात घातला. "मिस अर्डिस, मी चुकलो," तो म्हणाला. "पट्टी पुस्तकातून घ्यायला नको होती."

इथपर्यंत ठीक होतं. मग मंडळातली कोणी तरी बाई, मनापासून, गहिवरून म्हणाली, "देवाने काय कान दिलाय हो हिला!"

"कान?" अर्डिस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "कानाने मी आठवडाभर सांगत होते. फोनवर सांगितलं, घरी बोलावून सांगितलं, नादकाटा लावून सांगितलं. तेव्हा हा कान कोणाला दिसला नाही. आज यंत्र बोललं तेव्हा तुम्ही ऐकलंत, आणि श्रेय पुन्हा देवाला! माझं म्हणणं तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकणार आहात? आणि आभारच मानायचे असतील तर विनिपेगच्या मर्विन फ्रीझनचे माना. तोही आंधळा आहे, आणि त्याने हे चिडून केलंय."

तिने बटण दाबून दुरुस्त केलेली टेप लावली.

कुजबुज झाली. बाळ रडलं, आता बाळासारखं रडलं. कोणाची तरी खुर्ची सरकली. मग हॉइटने सूर दिला.

आणि नेमकं तेव्हाच, काही कळायच्या आत, वेल्टनच्या छातीतून खर्ज निघाला. त्याने ठरवून काढला नव्हता. वीस वर्षांची जुनी सवय ती, हॉइटचा 'ला' आला की उचलायचा. त्याच्यामागे एका बाईने वरचा सूर धरला, आणखी दोघींनी मधला, आणि मागच्या खोलीतल्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेली ती सात-आठ माणसं एका दमात फा, सोल, ला गाऊ लागली. कार्टरची सीडी याच खोलीत वाजली होती, तेव्हा एकानेही तोंड उघडलं नव्हतं. कोणाचे डोळे भरले, कोणी हात वर-खाली करू लागलं. एवढा पुरावा मिळाल्यावर दुसरी कोणी बाई सुखावली असती.

अर्डिसने दाणकन बटण दाबून टेप थांबवली.

"तोंडं बंद करा सगळे!" ती ओरडली. "ब्रदर वेल्टन, तुम्ही आधी! चोवीस वर्षं वाट बघितलीय मी. दोन दिवस हात बांधून बसलेय. माझा बाप बोलतोय तिथे, मला ऐकू द्या!"

तिने टेप मागे नेली. कुजबुज झाली, बाळ रडलं, खुर्ची सरकली. हॉइट टिडमोरने नाकातून 'ला' काढला, जेवणानंतरचा, जरासा उतरलेला, आणि या वेळी त्या खोलीत तो कोणीही उचलला नाही.